घर विकणे आहे

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. ज्या कोणी जाणत्याने ही म्हण पहिल्यांदा उच्चारली, त्याने घरेही बांधली असतील आणि लग्नेही लावली असतील. पण एवढे मात्र नक्की, की त्याने उभ्या आयुष्यात एकही घर विकले नव्हते. विकले असते, तर म्हणीला तिसरा तुकडा जोडल्याखेरीज तो राहिलाच नसता. घर बांधताना माणसाचे पैसे जातात. लग्न करताना पैसे आणि झोप दोन्ही जातात. घर विकताना पैसे यायचे असतात, पण बाजार थंड असला, म्हणजे ते येईपर्यंत माणसाचे बाकी सगळे जाते.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. साहजिकच, उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या आमच्या घरावर पाटी लावायची वेळ आली, तेव्हा ती लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. २०२४ चा गुढीपाडवा होता. पिवळ्या पुठ्ठ्यावर मी तीन शब्द लिहिले: घर विकणे आहे. पाटी टांगली, चार पावले मागे सरून पाहिली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. वाक्यातला कर्ता कसा ओळखावा, हे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो आहे. धातूला 'णारा' लावावा आणि 'कोण?' असे विचारावे. विकणारा कोण? पाटी गप्प! ह्या वाक्याला कर्ताच नाही. घर आहे, विकणे आहे, पण विकणारा कोणी नाही. जणू घर आपले आपणच विकले जाणार आहे आणि घरातली माणसे नुसती साक्षीला उभी आहेत. बाजारात तेजी असली, की असे बिनकर्त्याचे वाक्य खपून जाते. सकाळी पाटी, संध्याकाळी इसार, महिन्याभरात खरेदीखत! विकणारा कोण हे विकणाऱ्याला कळायच्या आत व्यवहार पुरा. आमची पाटी सोळा महिने दारावर होती. एवढ्या अवधीत कर्त्याला पुढे यावेच लागते.

पाटीतल्या दुसऱ्या शब्दानेही मला पुष्कळ छळले. 'घर' हा शब्द तिथे फक्त आईचा होता. एजंट त्याला 'रूम' म्हणे. बँकेच्या लेखी ती 'प्रॉपर्टी', महापालिकेच्या पावतीवर 'मिळकत', आणि नाशिकला दिलेल्या माझ्या बहिणीच्या तोंडी 'माहेर'. वस्तू एकच, पण रूमला भाव असतो, मिळकतीला कर असतो, प्रॉपर्टीला कागद असतात. माहेराचा दर चौरस फुटाला किती, हे मात्र कुठल्याच तक्त्यात सापडत नाही.

ज्या गावात हे घर, ते मुळात गाव नव्हेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने कल्याणजवळ सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी छावणी उभारली. लांबच लांब बराकी, वर कौले, आत मोकळे दालन. युद्ध संपले, सैनिक गेले आणि फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या ९० हजारांवर माणसांना सरकारने त्या बराकींत आणून ठेवले. एकेका दालनात पडदे बांधून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ह्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिले. नाव जवळच्या उल्हास नदीवरून आले. पण ज्यांच्या जवळ त्या दिवसांत उल्हास तेवढा नव्हता, नेमक्या त्यांच्याच वस्तीला ते मिळाले. पुढे नगरपालिका आली, १९९६ साली महानगरपालिका झाली, तरी पत्त्यातला 'कॅम्प' काही हलला नाही. पुण्याची मावशी अजून फोनवर विचारते, "कॅम्पात कसं काय चाललंय?" जणू आम्ही सारे कुटुंब सैन्यात भरती झालो आहोत!

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला होते. विठ्ठलवाडी स्टेशनाहून अंबरनाथ दोन स्टेशने, म्हणून त्यांनी कॅम्प ४ पसंत केला. १९७८ साली एका सिंधी कुटुंबाकडून बराकीतल्या दोन खोल्या त्यांनी ११ हजार रुपयांना घेतल्या. १९९५ साली कौले उतरवून वर स्लॅब टाकला आणि एक मजला चढवला. त्या १९७८ च्या खरेदीखतात घराची चतुःसीमा लिहिली आहे: पूर्वेस सामाईक भिंत व पलीकडे अमक्याची खोली, पश्चिमेस गटार, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस सार्वजनिक नळ. घर कसे आहे हे त्यात कुठेच नाही. ते कोणाच्या शेजारी आहे एवढेच आहे. ज्या कोणी कारकुनाने ही पद्धत पाडली असेल, तो मोठा शहाणा असला पाहिजे.

मग असले घर विकायचे कशाला? २०१८ साली वडील गेले. आईच्या गुडघ्यांनी जिन्याशी वैर धरले. मुलाला अभ्यासाला कोपरा उरला नाही. आम्ही बदलापूर पूर्वेला सातव्या मजल्यावर, लिफ्ट असलेला एक फ्लॅट घेतला. बँकेचे कर्ज ३५ लाख, हप्ता ३० हजारांच्या वर. बेत असा, की कॅम्पातले घर ३० लाखांना जाईल. वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते, तेव्हा कायद्याने आई, बहीण आणि मी असे तीन सारखे वाटे. बहिणीचे १० लाख तिला द्यावे, आईचे आणि माझे मिळून २० लाख कर्जात भरावे, की मोकळे झालो! तोवर नव्या फ्लॅटला कुलूप आणि आम्ही जुन्याच घरात, कारण आईने बजावले होते, "बंद घराला भाव येत नाही. दिवा लागलेला दिसला पाहिजे."

हा बेत कागदावर फार देखणा दिसत होता. बाजार थंड असताना थांबणे फुकट नसते, हे कागदावर दिसत नव्हते. २० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वर्षाला १ लाख ७० हजार रुपये व्याज होते. समजा, दोन लाख जास्त मिळावेत म्हणून आपण वर्षभर थांबलो आणि ते मिळालेही, तर त्यातले आम्हा दोघांच्या वाट्याला येणार १ लाख ३३ हजार. म्हणजे जिंकूनही ३७ हजारांनी हरलो! पत्नी गणिताची शिक्षिका असल्यामुळे हा हिशेब दर महिन्याच्या पाच तारखेला, हप्ता गेल्याचा संदेश फोनवर वाजला, की मला ऐकायला मिळे.

बाजार थंड का, ह्याची कारणे ज्याला त्याला पाठ असतात. आमच्या गावची कारणे थोडी वेगळी आहेत. इथली जमीन मुळात निर्वासितांच्या पुनर्वसनाची. ज्याला खोली मिळाली त्याच्या नावे सरकारची सनद. पुढे ती खोली दोन-तीन हात बदलून गेली, पण सनद पहिल्याच नावाशी बसून राहिली. त्यावर मजले चढले ते बहुधा नकाशा मंजूर न करता. शहरातल्या बेकायदा ठरलेल्या ८५५ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ साली विधिमंडळाला केवळ ह्या एका शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा कायदा करावा लागला. असल्या घरावर कर्ज द्यायला बँका कचरतात. कर्ज नाही म्हणजे ज्याच्या गाठीला रोकडा पैसा आहे तोच गिऱ्हाईक. आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला बराकीतले घर कशाला हवे? बदलापुरात नवे टॉवर उभे आहेत, तिथे बँक स्वतः टेबल टाकून बसते.

त्यात सरकारचा भाव वेगळा. त्याला रेडी रेकनर म्हणतात. मुद्रांक शुल्क भरायचे ते खरेदीची किंमत आणि हा सरकारी भाव ह्यांत जो मोठा असेल त्यावर. १ एप्रिल २०२५ पासून हे दर राज्यभर सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले, आणि उल्हासनगरातली वाढ सरासरीहून जास्त होती. आमच्या पाटीकडे त्या महिन्यात एक कुत्रे फिरकले नव्हते. पण सरकारदरबारी घर महाग झाले होते! मला त्या दिवशी थोडा आनंदही झाला. कोणीतरी आपल्या घराची किंमत वाढवली, मग ते सरकार का असेना.

गिऱ्हाइकांचेही एक पंचांग असते. पाडवा गेला, की ती अक्षय्य तृतीयेची वाट पाहतात. मग शाळांच्या फिया येतात. मग पाऊस, पावसात कोणी घर बघायला येत नाही. वास्तविक घर बघायचे ते पावसातच! पुढे पितृपक्ष, त्यात नाव काढायचे नाही. दसरा-दिवाळीला माणसे टॉवरांच्या जाहिराती बघतात. पौषात शुभ काम नाही. २०२४ साली तर दोन निवडणुका आल्या. मे महिन्यात लोकसभेची, नोव्हेंबरात विधानसभेची. दोन्ही वेळा एजंटाने गंभीर चेहऱ्याने सांगितले, "सर, इलेक्शन होऊ द्या. मग मार्केट उठेल." कोण निवडून आल्यावर आमची दोन खोल्यांची बराक उठणार होती, हे मी त्याला विचारले नाही.

तरी माणसे येत. येत आणि घराला नवीन नवीन दोष देऊन जात. एकाने खिशातून होकायंत्र काढले आणि मोरीची दिशा चुकल्याचे सांगितले. एक बाई आल्या आल्या म्हणाल्या, "इथे गाडी कुठे लावायची?" त्यांच्याकडे गाडी नव्हती, पण घ्यायचा विचार होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी त्या कोपऱ्याकडे नव्याने बघत बसे. ४५ वर्षे आम्ही ज्या मोरीत सुखाने अंघोळी केल्या, ती नैर्ऋत्येला होती हे आम्हाला गिऱ्हाइकाने सांगितले.

परंतु ह्या सगळ्यांहून मोठा अडथळा घरातच खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणजे आमची आई. एजंटाने तिला 'मावशी, तुम्ही आतल्या खोलीत आराम करा' असे पुष्कळदा सुचवून पाहिले. आई हलत नसे. गिऱ्हाईक आले, की ती त्याला पाणी देई आणि मग घर दाखवायला निघे.

"पाणी कसं आहे, मावशी?" गिऱ्हाईक विचारी.

"रात्री अडीचला येतं. उठायची सवय पाहिजे."

"पण दिवसासुद्धा येतं ना, मावशी?" एजंट डोळ्यांनी खुणा करीत म्हणे.

"येतं तर! गणपतीत एकदा आलं होतं."

मग ती उत्तरेच्या भिंतीवर ओल कुठवर चढते ते हाताने दाखवी. शेजारच्या गल्लीत जीन्स शिवायची मशिने रात्री किती वाजेपर्यंत चालतात ते सांगी. आणि शेवटी स्वैंपाकघरात नेऊन वर बोट करी. "इथं नीट बघा. दोन वर्षांमागं ताटाएवढा पोपडा पडला. सळई दिसते बघा, गंजलीय."

त्या बोटाचे कारण सांगायला हवे. उल्हासनगरात 'उलवा रेती' हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात चांगल्या रेतीचा तुटवडा पडला, तेव्हा इथल्या पुष्कळ बांधकामांत ही हलकी रेती गेली. त्या काळातल्या इमारतींचे स्लॅब पंचवीस वर्षांनी बोलू लागले. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत शहरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या इमारतीत वरचा स्लॅब एकेक मजला घेत खाली आला आणि सात माणसे गेली. त्यानंतर महापालिकेने जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा काढल्या. आमचा स्लॅब १९९५ चा. त्यात कुठली रेती गेली हे सांगणारा ठेकेदार आज हयात नाही. पण पोपडा पडला ही गोष्ट खरी होती.

२०२५ च्या फेब्रुवारीत एक तरुण जोडपे आले. मोबाईलच्या दुकानात कामाला असलेला मुलगा, त्याची बायको, तिच्या कडेवर सहा महिन्यांचे मूल. गावाकडची जमीन विकून आलेले पैसे त्याने घरासाठी राखून ठेवले होते. घर त्यांना आवडले. भाव २९ लाखांवर ठरत आला. एजंटाचा चेहरा दिवाळीसारखा फुलला. त्याची दोन टक्के दलाली होती. माझे तर १० महिने अडकलेले श्वास होते. इसाराचे पैसे देण्यासाठी मुलाने खिशात हात घातला आणि आई म्हणाली, "बाळा, आधी स्वैंपाकघरात ये."

ती दोघे आत गेली. वरचे बोट, सळई, ताटाएवढा पोपडा, सगळे यथासांग झाले. मुलाचा हात खिशातच राहिला. "घरी विचारून सांगतो," तो म्हणाला. घरी विचारून सांगतो म्हणणारे गिऱ्हाईक परत येत नाही, हा ह्या धंद्यातला पहिला धडा आहे.

त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही. पत्नीने हप्त्याचा हिशेब काढला नाही, हेच मला जास्त जड गेले. शेवटी मी आईला म्हणालो, "आई, त्यांनी विचारलं असतं तर आपण सांगितलंच असतं. न विचारता..."

"त्या पोरीनं विचारलं होतं," आई म्हणाली.

"कधी? मी तर तिथेच होतो."

"तोंडानं नाही. ती वरची कडी बघत होती. पाळणा कुठं टांगायचा म्हणून. तुझाही तिथंच टांगला होता, जुन्या आढ्याला. आता ती कडी स्लॅबात आहे. मी कसं गप्प बसू?"

मला काही बोलता आले नाही. पुढे माझ्या एका वकील मित्राने सांगितले, की आईचे म्हणणे कायद्यातही आहे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात ५५ वे कलम आहे. जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजीने बघूनही कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. इंग्रजांनी कलकत्त्यात बसून जे लिहिले, ते चौथीपर्यंत शिकलेल्या आमच्या आईला पाळण्याच्या कडीवरून कळले होते. मात्र कायदा पाळल्याबद्दल व्याजात सूट मिळत नाही. आणखी पाच महिने गेले.

आमच्या पूर्वेच्या सामाईक भिंतीपलीकडे एक सिंधी काका राहतात. १९७८ च्या खरेदीखतात चतुःसीमेत नाव आहे ते त्यांच्या वडिलांचे. काकांचे वय ८५. आईला ते 'भाभी' म्हणतात, आई त्यांना 'दादा'. आयुष्य इथे गेल्यामुळे मराठी सगळे समजते, पण बोलायला लागले, की हिंदीवर येतात. उन्हाळ्यात एकदा संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी त्यांच्यापाशी बाजाराचे रडगाणे गाऊ लागलो. वर्ष झाले, घर जात नाही, भाव पडतो आहे वगैरे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शिकारपूरची गोष्ट सांगितली.

शिकारपूर सिंधमधले जुने व्यापारी शहर. तिथल्या छप्पर घातलेल्या लांब बाजाराची सिंधी लोक अजून आठवण काढतात. त्या बाजारामागच्या गल्लीत काकांचे घर होते. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि तोवर 'बघू, थांबू' म्हणणारी घरेही हलली. काकांच्या वडिलांनी घर विकायचे ठरवले. पण गल्लीत ज्याला विचारावे तो स्वतःच विकायला निघालेला. घेणारा एकही नाही. एक टांगेवाला आला आणि म्हणाला, घर नको, नक्षीचा दरवाजा तेवढा काढून द्या, त्याचे पैसे देतो. वडिलांनी दरवाजा दिला नाही. त्याला कुलूप घातले, किल्ली घेतली आणि कराचीहून बोटीने मुंबईला, तिथून ह्या छावणीत आले. काका तेव्हा आठ वर्षांचे.

पुढे सरकारने निर्वासितांकडून मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे मागवले. १९५० साली त्यासाठी कायदा झाला. खोल्या किती, भिंती कशाच्या, किंमत काय, असा तक्ता भरायचा होता. वडिलांनी भरला. अधिकाऱ्याने कागद मागितले. कागद शिकारपूरच्या घरातल्या कपाटात होते! साक्षीदारांवर निभावले. १९५४ च्या कायद्याने भरपाई ठरली. पण दावा जितका मोठा, तितका हातात पडणारा हिस्सा लहान. जी भरपाई मंजूर झाली, त्यातूनच बराकीतल्या खोलीची किंमत वळती झाली. "मतलब," काका भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "शिकारपूरवाला मकान इस खोली में बिक गया." मग थोडे थांबून म्हणाले, "मेरे बाप को मकान छोड़ने के लिए एक रात मिली थी. तुझे तो साल मिल गया. रोता क्यों है?"

ह्या बोलण्यात टोमणा नव्हता. दर सांगावा तसे त्यांनी ते सांगितले. पण त्या रात्रीपासून मी त्या सोळा महिन्यांचा हिशेब दुसऱ्या वहीत मांडू लागलो. पहिल्या वहीत व्याज होतेच आणि ते खरेच होते. दुसरीत काय होते? वडिलांची लोखंडी ट्रंक आम्ही चार रविवार लावून उपसली. त्यात १९७८ च्या खरेदीखताखाली सनदेची जुनी प्रत घडी घालून ठेवलेली सापडली. बहीण तीनदा येऊन राहिली, एकदा तर दोन्ही मुलांना घेऊन. पाटा-वरवंटा गल्लीतल्या एका मुलीच्या संसाराला गेला. पुस्तके कॉलेजात गेली. आईने ज्यांच्याशी बोलणे सोडले होते अशा दोन शेजारणींशी ती पुन्हा बोलू लागली, कारण भांडण अर्धवट टाकून गाव सोडणे तिला बरे वाटेना. घर एकेक वस्तूने रिकामे होत गेले आणि त्याच बेताने आमचीही सोडायची तयारी होत गेली. तेजीच्या बाजाराने हे एका आठवड्यात उरकायला लावले असते.

जुलै २०२५ मध्ये धो धो पावसात एक माणूस छत्री मिटवत दारात उभा राहिला. पावसात घर बघायला आलेले हे आमचे पहिले गिऱ्हाईक. तो सेंट्रिंगची कामे घेणारा मिस्त्री होता. आईने नेहमीप्रमाणे पाणी दिले आणि दोष दाखवायला निघाली. तो तिच्या मागून मुकाट्याने फिरला. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून ऐकत होता, डॉक्टर छाती ऐकतात तसे. स्वैंपाकघरात आईचे बोट वर जायच्या आत तो म्हणाला, "स्लॅब काढावा लागणार, आजी."

आईला हे मनापासून पटले. पण परक्या माणसाने आपल्या घराला नाव ठेवलेले तिला सोसेना. "एवढं काही जुनं नाही हं," ती म्हणाली. "अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं म्हणतात. ते नाही कोणी काढलं?"

"ते दगडाचं आहे, आजी. हे रेतीचं."

आई हसली. मला वाटते, व्यवहार तिथेच ठरला. त्याने भाव २५ लाख सांगितला. स्लॅब काढून नवा टाकण्याचा खर्च त्याने उघड उघड वजा केला होता आणि आकडे मला लिहून दाखवले. कागद त्याने वकिलाकडून तपासून घेतले, पण नंतर मला म्हणाला, "सर, स्लॅबचं मला नुसतं बघून कळलं असतं. पण आजींनी पाण्याची वेळसुद्धा खरी सांगितली, म्हणून कागदांचा भरवसा वाटला." बहिणीला मी फोन केला. तिच्या वाट्याला दहाच्या जागी आठ लाख तेहेतीस हजार येणार होते आणि तिला त्या पैशांची गरज होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ज्याला सगळं माहीत आहे त्यालाच दे. नंतर कोणाचा फोन यायला नको."

ऑगस्टमध्ये खरेदीखत नोंदवले. आपल्याकडच्या खरेदीखतात विकणाऱ्याला 'लिहून देणार' म्हणतात आणि घेणाऱ्याला 'लिहून घेणार'. पाटीत न सापडलेला कर्ता तिथे ठसठशीत अक्षरांत छापलेला होता. एक नव्हे, तीन! लिहून देणार नंबर एक म्हणून आईचे नाव. तिचा फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, आणि तिने सावकाश, शाळेतल्यासारखी एकेक अक्षर जोडून सही केली. नंतर चतुःसीमा वाचून दाखवली. पश्चिमेचे गटार आता रस्त्याखाली गेले होते, दक्षिणेचा नळ केव्हाच नाहीसा झाला होता. पूर्वेस सामाईक भिंत तेवढी तशीच होती आणि पलीकडे काकांचे नाव. दसऱ्याला आम्ही ताबा दिला.

व्यवहार फायद्याचा झाला असे कोणी म्हणणार नाही. मागितले ३० लाख, मिळाले २५, आणि वर सोळा महिन्यांचे व्याज. आपल्यापैकी कोणाच्या दारावर आज अशीच पाटी असेल, तर हप्त्याचा हिशेब अवश्य करावा. थांबून मिळणाऱ्या लाखापेक्षा थांबण्याचे व्याज मोठे होत असेल, तर भाव उतरवून मोकळे व्हावे. शहाणपण त्यातच आहे. पण गिऱ्हाईक येत नाही म्हणून रात्री झोप लागत नसेल, तेव्हा एवढे आठवावे, की ज्याला घर सोडायला वेळ लागतो आहे, त्याला कोणी घरातून हाकललेले नाही. तेवढ्या वेळात ट्रंक उपसावी, कागद शोधावेत, राहिलेली भांडणे मिटवावीत आणि घरात काय काय गळते ते येणाऱ्याला सांगून टाकावे. गिऱ्हाईक कधीतरी येतेच. बहुधा पावसात येते.